खंजिरी आणि कोल्डप्ले

परवा टीम लंचला एका नवीन जॉइन झालेल्या मुलीने सगळ्यांना एकच प्रश्न टाकला, "फेवरेट बँड कोणता?" पटापट उत्तरं आली. दोन कोल्डप्ले, एक पिंक फ्लॉइड, एक मेटालिका. माझा नंबर आला आणि मी "लिंकिन पार्क" म्हणून मोकळा झालो. गेली दहा वर्षं मी हेच उत्तर देतोय. खोटं नाही ते, पण संध्याकाळी बाइकवर घरी येताना डोक्यात जे वाजत होतं ते लिंकिन पार्क नव्हतं. खंजिरी होती!

माझं गाव आंबागड. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, सातपुड्याच्या पायथ्याशी. गोंड राजवटीतला किल्ला आहे आमच्याकडे. पुण्यात सांगितलं तर लोक विचारतात, "म्हणजे नागपूरकडे ना?" हो, नागपूरकडे. असो.

आमच्याकडे भजन म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. १९४२ च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनांची भीती सरकारला वाटावी, हे आजच्या कुठल्या रॉक बँडच्या नशिबात आहे सांगा! १९६८ साली महाराज गेले, पण विदर्भात अजूनही गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं आहेत, सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरी वाजते.

माझे बाबा खंजिरी वाजवतात. थंडीत कातडं सैल पडलं की ती शेकोटीवर शेकायची, हे लहानपणी माझं काम. शेकून झाली की मी मागच्या रांगेत बसायचो. बाबा एक ओळ म्हणणार, आम्ही मागून झील धरणार. अर्थ कळत नव्हता, सूर तर नव्हताच नव्हता. पण आपण थांबलो तर भजन थांबेल, असं मनापासून वाटायचं.

मग इंजिनीअरिंगला नागपूरला आलो. हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "काय ऐकतो बे?" मी खरं ते सांगितलं. रूममध्ये जो हशा पिकला तो अजून कानात आहे. त्या दिवसापासून लिंकिन पार्क. गंमत बघा, ज्या डिग्रीसाठी मी ही लपवालपवी केली तिच्यावर ठळक अक्षरात छापलंय, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. २००५ सालीच विद्यापीठाला हे नाव मिळालं होतं. खंजिरीवाल्याच्या नावाची डिग्री घेऊन मी खंजिरी लपवत फिरत होतो :)

आता मुद्द्यावर येतो. एखादं गाणं आपल्याला का आवडतं?

एक उत्तर म्हणजे सवय. रॉबर्ट झायॉन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांतून दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. पटतंही. पण माझ्या फोनमधलं अ‍ॅप दर डिसेंबरला "तुम्ही सर्वात जास्त ऐकलेली गाणी" अशी यादी देतं. त्यात पहिले पाचही नंबर मी कोड लिहिताना मागे चालू ठेवतो त्या बिनशब्दांच्या संगीताचे. शेकडो वेळा ऐकलंय. उद्या ते जगातून नाहीसं झालं तर मला पत्ताही लागणार नाही. मग सवयीचा सिद्धांत गेला कुठे?

दुसरं उत्तर म्हणजे दर्जा. गायक ग्रेट, म्हणून गाणं आवडतं. बरं. पण आमच्या बाबांचा आवाज ग्रेट नाही हो. पट्टी चढली की फाटतो.

माझं उत्तर असं आहे की ज्या गाण्यात आपल्याला काहीतरी काम असतं ते गाणं आपलं होतं. नुसतं ऐकलेलं गाणं आवडू शकतं, पण ज्यात आपण झील धरली ते मुरतं.

लिंकिन पार्कचंच घ्या. ते मी दाखवण्यासाठी ऐकायला लागलो होतो. मग २० जुलै २०१७ ला चेस्टर बेनिंग्टन गेला. बातमी आली तशी आमच्या मजल्यावरची पोरं कॉरिडॉरमध्ये येऊन बसली. कोणीतरी एक गाणं सुरू केलं आणि पहाटेपर्यंत आम्ही पंधरा-वीस जण बेसूर ओरडत होतो. माझ्यावर हसलेला तो मुलगाही त्यात होता. त्या रात्री लिंकिन पार्क माझं झालं, ते आजतागायत.

आणि कोल्डप्ले? जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे शो झाले तेव्हा मीही गेलो होतो. इतके पैसे घालून स्टेज दिसत होतं काडेपेटीएवढं. ऐकायचंच होतं तर घरी हेडफोनवर कितीतरी स्वच्छ ऐकू आलं असतं. पण मनगटावरचे पट्टे एकदम पेटले, सगळं स्टेडियम एका आवाजात गायला लागलं आणि शेजारचा अनोळखी काका माझ्या खांद्यावर हात टाकून रडायला लागला. मला एकदम मागची रांग आठवली. माणसं तिथे झील धरायला आली होती. आपल्याकडे ती फुकटात मिळायची, एवढाच फरक.

हे नुसतं माझं भाबडेपण नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली गायन, हस्तकला आणि लेखन अशा वर्गांतल्या माणसांची तुलना केली. गाणाऱ्यांची एकमेकांशी गट्टी सगळ्यात लवकर जमली. बाकीचेही काही महिन्यांनी तिथवर पोचले, पण गाणाऱ्यांनी सुरुवातीचा संकोच फार पटकन ओलांडला. हे आमच्या बाबांना सांगितलं तर म्हणतील, "त्याच्यासाठी ऑक्सफर्ड कायले पायजे?"

इथपर्यंत लिहायला सोपं होतं. आता अवघड भाग.

मागच्या दिवाळीनंतर मंडईला घरी गेलो होतो. झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक नाहीतर खडी गंमत चालते. पाहुण्यांनी घर भरलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भजन होतं. मी मोबाइल काढून रेकॉर्डिंग करायला उभा राहिलो. माझ्या लहानपणी बारा जण बसायचे, आता पाच. सगळ्यात तरुण माणूस पन्नाशीचा. मागची रांगच नाही. बाबा ओळ म्हणायचे, मागून दोनच आवाज यायचे, मग बाबा स्वतःच झील धरायचे.

संपल्यावर मी म्हणालो, "बाबा, मस्त रेकॉर्ड झालं. पुण्यात ऐकतो मी नेहमी."

खंजिरी फडक्यात गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "बाबू, आयकनारे लय हायेत. मांगून म्हननारे पायजेत."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तरी मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही. नोकरी सोडून गावी जाऊन बसणार नाहीये मी, उगाच मोठ्या गप्पा नकोत. पण गावची परंपरा टिकली पाहिजे म्हणत व्हिडिओ फॉरवर्ड करणारे आपण सगळे, आपण फक्त ऐकणारे आहोत. रेकॉर्डिंग माझ्याकडे तीन जीबी आहे. त्यात माझा आवाज एकदाही नाही.

तेव्हा पुढच्या मंडईला चार दिवस सुट्टी टाकलीये. मॅनेजरने कारण विचारलं, मी "बँड प्रॅक्टिस" सांगितलं. कुठला बँड, ते या वेळी खरं सांगितलं.