कुंपणावरचे बेअरर चेक

फूल आणि फळ यांत फरक काय, असं मला कुणी विचारलं तर मी वनस्पतिशास्त्राच्या भानगडीत पडत नाही. मी पडलो बी.कॉम. वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेला माणूस. माझ्या हिशेबी फूल हा क्रॉस केलेला चेक. तो आपल्या आवारातच जमा होतो. फार तर शेजारची वहिनी पहाटे येऊन देवाच्या नावावर परस्पर वळता करून घेते. पण झुडपावरचं ते मण्याएवढं, रंगीत, गोजिरवाणं फळ म्हणजे बेअरर चेक. जो घेऊन येईल त्याला रोख. आणि घेऊन जाणारा असतो बुलबुल. तो हा चेक कुठल्या शाखेत वटवणार, हे सांगायला काही तो पुन्हा काउंटरवर येत नाही.

तेव्हा माझं म्हणणं आधीच रोखठोक सांगून टाकतो. परदेशी झुडपं नुसत्या फळांच्या शोभेसाठी कुंपणाला लावणं ही ज्याची त्याची खाजगी हौस नव्हे. निदान गडचिरोलीत तरी नव्हे.

गडचिरोली म्हटल्याबरोबर तुमच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटली, ती मला इथून दिसते आहे. मराठी नोकरदाराच्या कोशात गडचिरोली हे जिल्ह्याचं नाव नसून शिक्षेचं नाव आहे. १९८२ साली हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला आणि बहुधा त्याच दिवशी शिक्षा म्हणून रुजूही झाला. माझी शाखा एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराच्या वाटेवर. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी मला मच्छरदाणी भेट दिली आणि दोघांनी डोळेही पुसले.

तर अशा या मुलखात, चारी बाजूंना साग, मोह, तेंदू खांद्याला खांदा लावून उभे असताना, बदलून आलेल्या माणसाला पहिली इच्छा कसली होते? आवारात 'जरा हिरवळ' करण्याची! आमच्या साहेबांनाही झाली. त्यांनी नागपूरच्या एका नर्सरीतून रोपं मागवली. एक ड्युरांटा: निळी फुलं, सोन्याच्या मण्यांसारखे फळांचे घोस. दुसरी लँटाना: फुलं लाल, पिवळी, गुलाबी आणि मागाहून काळीभोर चकचकीत फळं. रोपं टेम्पोतून उतरली तेव्हा आमच्या दफ्तरींनी एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि म्हणाले, "साहेब, हे त घाणेरी हाये. जंगलात फुकट भेटते. पैसे देऊन कायले आनली जी?"

साहेब म्हणाले, "ही घाणेरी नव्हे. ही हायब्रीड लँटाना आहे."

नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी नर्सरीत जाऊन बघावं. घाणेरी, टणटणी म्हटलं की ते तण; लँटाना म्हटलं की कुंडीसकट पावती!

आणि 'हायब्रीड'चं कौतुक आपण मला सांगूच नये. जंगलातली घाणेरीसुद्धा हायब्रीडच आहे. मूळची अमेरिकेतली ही बाई युरोपातल्या बागवानांनी संकर करकरून नटवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहेबांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आणून लावली. शोभेसाठी! एक मोठं झुडूप वर्षाला १२,००० पर्यंत फळं धरू शकतं. म्हणजे एका खात्यावर १२,००० बेअरर चेक, आणि सही जुळते की नाही बघायला कुणी नाही. २०२० साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातल्या वाघांच्या प्रदेशात सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात घाणेरी घुसलेली आहे. आकडा मोठा वाटत असेल तर सोपा करतो: महाराष्ट्राचं क्षेत्रफळ घ्या आणि त्याचे दोन भाग करा. एक भाग घाणेरीचा.

यात बिघडलं कुठे, असं विचारणारे गृहस्थ भेटतात. त्यांना मोहफुलांच्या हंगामात पहाटे बाहेर काढायला हवं. मोह झाडावरून तोडत नाहीत; तो गळतो आणि माडिया बायका-पोरं तो जमिनीवरून वेचतात. झाडाखाली घाणेरीची जाळी माजली की वेचणार काय? त्या जाळीत गवत उगवत नाही, चारोळीचं नवं रोप डोकं वर काढत नाही. गुरं तिला शहाणपणाने तोंड लावत नाहीत. भुकेपोटी लावलंच तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. ज्यांच्या घरचं मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या मोह, तेंदूपत्ता, चारोळीवर निघतात, त्यांच्या पासबुकात ही नावे पडणारी रक्कम आहे. त्यांनी सही केलेली नसताना!

वसुलीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९४१ साली ऑस्ट्रेलियातून एक जाळीदार पंखांचा ढेकूण डेहराडूनला आणला. त्याने घाणेरी खावी असा बेत. तो बंदोबस्तात असतानाच सागाच्या फुलांवर जेवायला बसला. घाबरून सगळे ढेकूण मारून टाकले. पुढे दहाएक वर्षांनी तेच डेहराडूनच्या घाणेरीवर मोकळे फिरताना सापडले! सुदैवाने सागाचं फार बिघडलं नाही. घाणेरीचंही नाही.

आता विरोधी पक्ष. पहिला म्हणतो, फुलपाखरं येतात हो! येतात. लग्नाच्या पंगतीलाही माणसं येतात. म्हणून कर्ज काढून रोज पंगत घालत नाहीत. दुसरा म्हणतो, आमची जात वांझ आहे, फळ धरत नाही. मग फळांसाठी आणली कशाला? शिवाय स्वतः फळ न धरणाऱ्या जातीचे पराग रानातल्या बहिणीला चालू शकतात. तिसरा जरा जड आहे. तो सूरजागडकडे बोट दाखवून म्हणतो, "तिकडे लोखंडासाठी डोंगर खोदून ट्रक चाललेत, आणि तुम्ही कुंपणावरच्या फळांवरून भांडताय?"

हो, भांडतोय. डोंगराच्या प्रश्नाला निदान जनसुनावणी आहे, मोर्चा आहे, कोर्ट आहे. झुडपाला सुनावणी नाही. ते आवडलं म्हणून येतं. आणि नेमका तोडलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीवर, रस्त्याच्या कडेला घाणेरीचा धंदा तेजीत चालतो. एक जखम झाली म्हणून दुसरीवर मीठ चोळायची परवानगी मिळत नाही. डोंगराचा निर्णय माझ्या काउंटरवर होत नाही; कुंपणाचा होतो.

बरं, मी काही फळांचा वैरी नव्हे. करवंद लावा. पांढरी सुवासिक फुलं, हिरवी-लाल-काळी फळं, आणि काटे असे की शेळीसुद्धा अर्ज करून येईल. कुंती लावा, घमघमाट फुलांचा, मग लालबुंद फळं. हे चेक बुलबुलाने कुठेही वटवू देत. रक्कम जंगलाच्याच खात्यात जमा होईल. ड्युरांटाची सोनेरी फळं विषारी, आणि ती लोंबतात नेमकी पोरांच्या हाताच्या उंचीवर.

आणि घाणेरी असेल तर ती नुसती छाटू नका. ती दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सांगितलेली रीत सोपी आहे. फळं धरण्याआधी जमिनीखाली चार बोटं मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. एरवी खाती बंद करताना आम्ही इतकी मजा कधी पाहिलेली नाही.

साहेब अजून ऐकत नाहीत. मी रोज सांगतो, ते रोज 'बघू' म्हणतात. बँकेत 'बघू'ची मुदत बदलीपर्यंत असते. तीन वर्षांनी साहेबांची बदली होईल, माझीही होईल, आणि दोघांनाही इथले लोक नारळ देतील. कर्ज काढणारा असा हारतुऱ्यांसकट निघून जातो. जामीनदार मात्र माडिया. त्याची बदली होत नाही.

झुडपाचीही होत नाही.