शब्दांची ओळख : प्रतिक्रांती



ह्या अंकासाठी आम्ही 'प्रतिक्रांती' हा शब्द घेतला आहे. शब्द जड वाटतो, पण फोडला की सोपा होतो.

'क्रांती'च्या मुळाशी पाऊल टाकणे, ओलांडून जाणे हा अर्थ आहे. आपली संक्रांत त्याच घरातली. हिब्रूतला 'महपेखा' मात्र उलथेपालथे करण्यावरून आलेला. १९७७ साली निवडणुकीच्या रात्री हाईम याविन टीव्हीवर 'महपाख' म्हणाले, 'महपेखा' नव्हे! सरकार मतपेटीतून बदलले होते, म्हणून शब्दही जरा हलका.

आता 'प्रति'. प्रतिहल्ला म्हणजे उलट हल्ला, इतके सरळ असते तर बरे झाले असते. पण १९४३ पासून सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचे 'प्रतिसरकार' चालले, तिथे 'प्रति' म्हणजे इंग्रजांच्या सरकारला पर्याय, लोकांचे स्वतःचे सरकार. प्रतिक्रांतीचे तसे नाही. ती दुसरी क्रांती नव्हे. झालेली क्रांती मोडून जुने परत आणण्याची खटपट, तिला प्रतिक्रांती म्हणतात.

हा शब्द फ्रान्सच्या १७८९ च्या क्रांतीतून वर आला. १७९३ साली व्हांदे भागातले शेतकरी सक्तीची सैन्यभरती नको, आमचे धर्मगुरू आणि राजा हवेत म्हणून उठले. ते खरोखरच प्रतिक्रांतिकारक. पण हे नाव सहसा कोणी स्वतःला लावून घेत नाही, समोरचा लावतो. घोटाळा तिथेच सुरू होतो.

रशियात हा घोटाळा कायद्यात जाऊन बसला. डिसेंबर १९१७ मध्ये चेका स्थापन झाली, तिच्या लांबलचक नावातच प्रतिक्रांतीशी लढणे होते. पुढे फौजदारी कायद्यातले ५८ वे कलम आले. त्यात बंड होते, हेरगिरी होती, आणि दहाव्या पोटकलमात सरकारविरोधी प्रचारही होता. म्हणजे चहा पिताना केलेला एखादा विनोदसुद्धा चालून जाई! हिब्रू शिकवणारे, झायोनिस्ट चळवळीतले लोक ह्याच शिक्क्याखाली तुरुंगात आणि सायबेरियात गेले. अलेफ-बेत शिकवून कोणते राज्य उलथते, हे आम्हाला तरी समजलेले नाही. इथे आपल्या शेजारी राहणाऱ्या रशियन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना 'अठ्ठावन्न' एवढे म्हटले तरी कळते. रशियाने १९५८ च्या नव्या कायद्यात हा शब्द गाळला, चीनने १९९७ साली. दोन्हीकडे त्या जागी राज्याविरुद्धचे गुन्हे आले, म्हणजे पाटी बदलली.

मराठीत हा शब्द रुजला त्यात मोठा वाटा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती ह्या विषयावरचे त्यांचे इंग्रजी लिखाण अपुरे राहिले, ते महाराष्ट्र सरकारने १९८७ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात छापले. बुद्धाचा धम्म ही क्रांती आणि पुष्यमित्र शुंगाने मौर्य राजाला मारून ब्राह्मणी सत्ता परत आणली ती प्रतिक्रांती, अशी त्यांची मांडणी. सगळ्या इतिहासकारांना ती मान्य नाही. पण बाबासाहेब हा शब्द एका मोठ्या घडामोडीला लावतात, दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही. आमच्या मते शब्दाचा खरा वापर हाच.

'प्रतिगामी' हा वेगळा शब्द आहे बरं का. जुन्या विचाराला चिकटून बसणारा तो प्रतिगामी. असे काका आपल्या प्रत्येक घरात एक तरी आहेत, आणि ते बिचारे कुणाचे राज्य उलथायला जात नाहीत. क्रांती न आवडणे वेगळे आणि ती मोडायला निघणे वेगळे.

लिहिताना एक लक्षात ठेवा. नुसता शब्द 'प्रतिक्रांती', ती दीर्घ. पुढे काही जोडले की ऱ्हस्व : प्रतिक्रांतिकारक, प्रतिक्रांतिवादी.