हक्काची खुर्ची

मराठीत 'जागा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. बसण्याचे ठिकाण ही जागा, आणि नोकरीतले पद हीही जागाच. जाहिरातीत 'जागा भरणे आहे' असे छापून येते. साहेब 'जागेवर' नसतात. फाइल कोणाच्या तरी 'टेबलावर' अडते. अधिकाराला तर आपण सरळ 'खुर्ची' म्हणतो. काम आणि बसण्याचे ठिकाण यांचे हे भाषेने जपलेले नाते नव्या पद्धतीच्या कार्यालयांनी तोडायला घेतले आहे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक कंपन्यांनी आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्यास मान्यता दिली. साहजिकच रिकाम्या खुर्च्यांचे भाडे कशाला भरायचे, असा हिशेब सुरू झाला. त्यातून सामायिक कार्यालयांची चलती झाली. तिथे कोणाचीही जागा ठरलेली नसते. मोबाइलवरून आदल्या दिवशी टेबल राखून ठेवायचे आणि संध्याकाळी ते आवरून मोकळे करून द्यायचे. या व्यवस्थेला 'लवचीक' हे गोंडस विशेषण लावले जाते. लवचीकतेला आमचा विरोध नाही. ती कोणाच्या सोयीची, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

हा प्रश्न जुना आहे. रॉबर्ट प्रोप्स्ट या अमेरिकन संशोधकाने हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी १९६८ मध्ये 'ॲक्शन ऑफिस'ची दुसरी आवृत्ती सिद्ध केली. काम करणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे हलवाव्यात, उघड्या कोनात मांडाव्यात अशा हलक्या भिंती, कमीअधिक उंचीवरची फळी, उठून-बसून काम करण्याची मोकळीक अशी तिची कल्पना होती. कंपन्यांनी त्याच भिंती काटकोनात घट्ट बसवल्या, कारण तशा मांडणीत तेवढ्याच जागेत अधिक माणसे मावतात. अशा रीतीने स्वातंत्र्यासाठी कल्पिलेल्या वस्तूचा खुराडा झाला. उतारवयात प्रोप्स्ट यांनी या परिणामाविषयी उघड नाराजी व्यक्त केली होती.

ठरलेली जागाच नाहीशी करण्याचा गाजलेला प्रयोग १९९४ च्या सुमारास शायट-डे या जाहिरात कंपनीने लॉस एंजेलिस येथे केला. कर्मचाऱ्यांनी सकाळी संगणक आणि फोन मागून घ्यायचे आणि वाटेल तिथे बसायचे, अशी पद्धत होती. संगणक-फोन पुरेनात. सामान ठेवायला जागा नसल्याने काहींनी मोटारीच्या डिकीलाच कपाट केले. १९९८ मध्ये कंपनी नव्या वास्तूत गेली, तेव्हा प्रत्येकाला पुन्हा स्वतःचे टेबल मिळाले.

भिंती पाडल्या की संवाद वाढतो, असेही सांगितले जाते. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटे आढळले. खुल्या मांडणीत गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ई-मेल व संदेश वाढले. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही याचे नवल वाटू नये. चारचौघांत मनातले बोलता येत नाही, त्यासाठी माजघराचा कोपरा लागतो.

मग सामायिक कार्यालय माणसाच्या गरजेचे होऊच शकत नाही काय? होऊ शकते. नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथे हर्मन हर्त्सबर्गर या वास्तुकाराने सेंत्राल बेहेर या विमा कंपनीसाठी १९७२ मध्ये बांधून पूर्ण केलेली इमारत त्याचे उदाहरण आहे. लहान लहान चौथऱ्यांची ती रचना त्यांनी मुद्दाम अपुरी ठेवली. ती कर्मचाऱ्यांनी पूर्ण करावी, ही अपेक्षा होती. लोकांनी झाडे आणली, चित्रे लावली, टेबले आपल्या मनाने मांडली. लवचीकता तिथेही होती, पण तिची दोरी काम करणाऱ्याच्या हाती होती.

यावरून आराखड्याची काही सूत्रे निघतात. आधी कोणाचे काम काय स्वरूपाचे आहे, हे त्यांनाच विचारावे. हिशेब तपासणाऱ्याला शांतता लागते, दिवसभर फोनवर बोलणाऱ्याला दार लावता येईल अशी खोली लागते. प्रत्येकाला कुलपाचे कपाट द्यावे. पाठदुखी, अपंगत्व, गर्भारपण किंवा निव्वळ स्वभाव, यांपैकी कोणत्याही कारणाने ज्याला ठरलेली जागा हवी, त्याला ती अर्ज-विनंत्यांविना मिळावी. वाचलेल्या भाड्याचा काही भाग या सोयींवर खर्च व्हावा.

आम्ही महाविद्यालयांत शिकवणारी माणसे असल्याने या प्रश्नाची दुसरी बाजूही रोज पाहतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना प्राध्यापक-कक्षात बहुधा ना कपाट असते, ना ठरलेली खुर्ची. दोन तासांमधल्या वेळात ते जी रिकामी असेल तिच्यावर बसतात आणि तिचा धनी आला की उठतात. कोणत्याही वास्तुविशारदाच्या मदतीविना साधलेली ही लवचीकता आहे. ज्यांना दोन्ही अर्थांनी जागा नाही, त्यांना तिची किंमत विचारावी. नवी कार्यालये आखणाऱ्यांनी आराखडा काढण्यापूर्वी अशा माणसांशी तासभर बोलावे, असे आम्हांस वाटते.