साध्या दूताचे नाक

दूत अवध्य आहे हे वचन आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असते. ते कोणाच्या अंगी कितपत मुरले आहे, याचा प्रत्यय आम्हांस गेल्या दिवाळीत औंध मुक्कामी आला. पुण्याहून आलेली आमची नातवंडे माडीवर मेजाभोवती बसून एक खेळ खेळत होती. या खेळात एकाने कथा सांगावयाची, इतरांनी एकेका वीराची भूमिका घ्यावयाची आणि कृत्य साधले की फसले हे फाशांच्या दानावर ठरवावयाचे. कथा महाभारताच्या वळणाची होती व वीर सारे महारथी होते. त्यांच्याकडे सीमेवरच्या एका गावाचा दूत पत्र घेऊन आला. वीरांनी पत्र वाचले, दूताचे नाक कापले, पत्र त्याच्या गळ्यात बांधून त्यास परत लावून दिले आणि मेजाभोवती हशा पिकला. आम्ही कारण विचारले तेव्हा थोरला नातू किंचितही न ओशाळता म्हणाला, "आजोबा, तो साधा माणूस होता. त्याच्याकडे कसलीच शक्ती नव्हती." त्यासाठी फासा टाकण्याचीही गरज कोणास वाटली नव्हती.

हा वृत्तान्त ऐकून आमच्या शेजारच्या गृहस्थांनी तत्काळ निकाल दिला की, खेळ परदेशी, तेव्हा संस्कारही परदेशी; आपल्या पुराणांवर वाढलेले मूल असे करणार नाही. हा निकाल आम्हांस मुळीच मान्य नाही. खेळाचा साचा परका असेल, पण त्या पोराच्या तोंडचे उत्तर घरचे आहे, व ते आमच्यासारख्या कथा सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच त्यास शिकविले आहे.

औंधास बसून तरी हा दोष परक्यांच्या माथी मारणे शोभत नाही. येथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१६ साली आपल्या चित्रांचे रामायण प्रसिद्ध केले, आणि १९१८ साली महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेस एक लक्ष रुपयांचे अभिवचन दिले. त्याच सुमारास पंडित सातवळेकर येथे येऊन राहिले, व १९४८ साली पारडीस जाईपर्यंत स्वाध्याय मंडळाच्या छापखान्यातून वेद व महाभारत काढीत राहिले. ज्या गावाने या ग्रंथांसाठी एवढे केले, त्या गावच्या माडीवर ते ग्रंथ कसे सांगितले जातात हे तपासणे अधिक अगत्याचे होय.

आम्ही मुलांस कोणते दूत सांगतो? मारुती, अंगद आणि श्रीकृष्ण. रावणाने मारुतीची शेपटी पेटविली, तर लंकाच जळाली. अंगदास धरण्याची आज्ञा झाली, तर तो धरणाऱ्यांसकट उडाला व प्रासादाचे शिखर मोडून गेला. दुर्योधनाने कृष्णास बांधण्याचा बेत केला, तर सभेस विश्वरूप पाहावे लागले. तिन्ही कथा रसाळ आहेत. आम्हीही लहानपणी त्यांवर टाळ्या पिटल्या आहेत. परंतु तिन्हींत अपमान करणाराच फसतो, आणि फसतो तो दूताच्या सामर्थ्यामुळे. ऐकणाऱ्या मुलाने यातून काय घ्यावे? दूतास छळणे पाप आहे असे नव्हे. समोरचा दूत कोण निघेल याचा नेम नाही, एवढेच. मग जो दूत नक्की कोणीच निघणार नाही, त्याचे नाक कापावयास हरकत ती कसली? नातवाने आमचाच सिद्धान्त शेवटास नेला.

कोणी म्हणेल की, बिभीषणाने रावणास दूतवधापासून परावृत्त केले, तो धर्मोपदेशच नव्हे काय? होय. पण तो उपदेश पुरता वाचावा. वध वर्ज्य सांगून बिभीषण दूतास देता येण्याजोगे दंड मोजून दाखवितो: अंग विद्रूप करणे, चाबकाने मारणे, मुंडण, डाग देणे. शेपटी पेटविण्याची कल्पना रावणाने या सवलतीतूनच काढली. मारुती होता म्हणून पुढचे कांड रंगले. तेथे एखादा लेखणीबहाद्दर कारकून असता तर तो होरपळून घरी गेला असता, आणि कथेकऱ्यास त्यात सांगण्याजोगे काही सापडले नसते. याहून कौटिल्य आम्हांस वरचढ वाटतो. कौटिल्याच्या मते दूत अंत्यज असला तरी अवध्य, कारण वाक्य त्याचे नसून पाठविणाऱ्याचे असते. दूताच्या अंगी बळ किती, कूळ कोणते, हा प्रश्नच तेथे उरत नाही.

आणि साधे दूत महाभारतात नाहीत काय? उद्योगपर्व त्यांनी भरले आहे. डॉ. सुशीलकुमार डे यांनी संपादिलेले हे पर्व १९४० सालीच छापून निघाले. म्हणजे ग्रंथ दुर्मिळ असल्याची सबब नाही. द्रुपदाचा पुरोहित कौरवसभेत येतो. त्याचे बोलणे खरे पण फार तिखट आहे, असे भीष्म म्हणतो. कर्ण मध्येच तडकतो. धृतराष्ट्र कर्णास दटावून त्या ब्राह्मणाची सत्कारपूर्वक रवानगी करतो. उलट बाजूने सूत संजय उपप्लव्यास जातो. त्याच्याजवळ ना सैन्य, ना देण्यास तसूभर भूमी. असे असून युधिष्ठिर त्यास प्रिय दूत म्हणतो. पुढे शकुनिपुत्र उलूक दुर्योधनाचा शिव्यांनी भरलेला निरोप घेऊन येतो, त्यासही युधिष्ठिर आधी अभय देतो व मगच बोलू देतो. यांतला एकही प्रसंग आम्ही कधी कोणत्या मुलास रंगवून सांगितलेला नाही. इतिहासातही आमची तीच तऱ्हा. १६५९ साली अफझलखानाच्या गोटात जाऊन बोलणे करणारे पंताजी गोपीनाथ यांस आमच्या पोवाड्यांत व नाटकांत वाघनखांच्या मानाने कितीशी जागा मिळते? वस्तुतः औंधकरांचे पदच प्रतिनिधीचे, दुसऱ्याच्या ठायी उभे राहण्याचे. राजाराम महाराजांनी जिंजीस ते पद प्रथम ज्यांना दिले ते प्रल्हाद निराजी पूर्वी गोवळकोंड्यास मराठ्यांचे वकील होते. आणि याच घराण्यातले अप्पासाहेब पंत १९४८ पासून १९५४ पर्यंत स्वतंत्र हिंदुस्थानचे वकील म्हणून पूर्व आफ्रिकेत राहिले व तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांच्या रोषास पात्र झाले. पण गावात विचारा, लोक तलवारच दाखवतील.

दिवाळीच्या तिसऱ्या रात्री आम्ही मुलांस संजयाची पुढची हकीकत सांगितली. शल्यपर्वात, युद्धाच्या अठराव्या दिवशी, संजय सात्यकीच्या हाती जिवंत सापडतो. त्या दिवशी तो लढत होता, दूत नव्हता, हे आम्हांस मान्य आहे. पण उपप्लव्यास ज्याचा एवढा आदर झाला तोच हा मनुष्य. त्यास पाहून धृष्टद्युम्न हसतो व म्हणतो, याला धरून काय करावयाचे, याच्या जगण्याचा उपयोग काय? सात्यकी खड्ग उगारतो. इतक्यात व्यास येऊन संजयास सोडावयास सांगतात. सात्यकी हात जोडतो, आणि कल्याण असो, जा, असे म्हणून त्यास मोकळे करतो. कवच उतरलेला, निःशस्त्र, रक्ताने माखलेला संजय सायंकाळी एकटा नगराची वाट धरतो.

मुले काही वेळ गप्प होती. मग थोरल्याने फासा बोटांत फिरवीत विचारले, "व्यास येण्यापूर्वी सात्यकीला थांबवायला तिथे कोणीच नव्हते का?"

धृष्टद्युम्न होता, असे आम्ही सांगितले. तो हसत होता.