अर्चनाला मैदान कोणी दिले?

२९ जानेवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील पोचेफस्ट्रूम येथे भारताच्या एकोणीस वर्षांखालील मुलींनी इंग्लंडला ६८ धावांत गुंडाळले आणि या वयोगटाचा पहिलावहिला विश्वचषक जिंकला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी क्वालालंपूरला दक्षिण आफ्रिकेला ८२ धावांत बाद करून दुसराही जिंकला. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत थोरल्या संघाने विश्वचषक उचलला. त्या अंतिम सामन्यात ८७ धावा काढणारी शफाली वर्मा म्हणजे २०२३ च्या मुलींची कर्णधार. प्रसारमाध्यमांनी जल्लोष केला, क्रिकेट मंडळाने कोट्यवधींची बक्षिसे जाहीर केली. आम्हालाही आनंद झाला. परंतु जल्लोष ओसरल्यावर एक प्रश्न विचारलाच पाहिजे : या मुली मैदानापर्यंत पोहोचल्या कशा?

पोचेफस्ट्रूमच्या त्या सामन्यात दोन बळी घेणारी आणि एका हाताने अफलातून झेल टिपणारी अर्चना देवी ही उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातल्या रताई पुरवा या खेड्यातली. वडील २००८ मध्ये कर्करोगाने गेले, पुढे एक भाऊ सर्पदंशाने गेला. आई सावित्री देवी शेतात राबली, दूध विकले आणि मुलांना वाढवले. नवरा आणि मुलगा गमावलेल्या या बाईला गावाने काय दिले? ‘डायन’ हे नाव. मुलीला बाहेरगावी शिकायला ठेवले तेव्हा ‘पोरगी विकली’ असेही लोक बोलले. अंतिम सामन्याच्या वेळी वीज जाईल म्हणून एका पोलीस अधिकाऱ्याने त्या घरी इन्व्हर्टर पाठवला आणि सारा गाव तिच्याच दारात सामना पाहायला जमला. विश्वचषक आला आणि डायनची माता झाली! अंधश्रद्धा अशी सोयीची असते. चषक आला नसता तर?

वर्तमानपत्रांनी ही कहाणी ‘जिद्दीची’ म्हणून छापली. जिद्द होतीच. पण जिद्द तर गावोगावच्या मुलींकडे आहे. अर्चनाला मैदान मिळाले ते एका सरकारी निवासी शाळेत, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात. तिथल्या शिक्षिका पूनम गुप्ता यांनी तिची चाल ओळखली आणि तिला कानपूरला प्रशिक्षक कपिल पांडे यांच्याकडे नेले. ही विद्यालये २००४ साली सुरू झाली. त्यांतील किमान ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक समाजातील मुलींसाठी राखीव आणि उरलेल्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींसाठी, असा नियम आहे. अर्चनाची जात कोणती, हा आमचा प्रश्न नाही. शाळेचे दार कोणत्या नियमाने उघडले, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे. ‘आरक्षणाने गुणवत्ता मारली जाते’ असे दिवाणखान्यात बसून सांगणाऱ्या पंडितांनी पोचेफस्ट्रूमचा धावफलक एकदा भिंतीवर चिकटवावा.

बाकीच्या मुलींचे काय? २०२५ च्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू गोंगडी त्रिशा हिच्या वडिलांनी मुलीच्या खेळासाठी भद्राचलम सोडून सिकंदराबादला बिऱ्हाड हलवले. शफालीला रोहतकमध्ये मुलांच्या अकादमीत घेईनात, म्हणून तिच्या वडिलांनी तिचे केस कापले आणि मुलगा म्हणून तिला मैदानात उतरवले. २०२५ च्या संघातली जोशिता वायनाडची, वडील हॉटेलात वेटर. या सर्व बापांना आमचा सलाम. पण ज्या देशात मुलीच्या खेळासाठी बापाला गाव सोडावे लागते किंवा वस्तरा हाती घ्यावा लागतो, त्या देशातल्या क्रिकेट मंडळाने नेमके काय केले? महिला क्रिकेटची संघटना १९७३ साली उभी राहिली आणि २००६ साली मंडळात विलीन झाली. पहिल्या विश्वचषकापूर्वी सतरा वर्षे मंडळाच्या हातात होती.

आता कायद्याची बाजू. २००५ साली झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितले की मंडळ हे घटनेच्या कलम १२ खालील ‘राज्य’ नव्हे. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले की मंडळ सार्वजनिक कार्य करते, त्यामुळे कलम २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. २०१८ मध्ये विधी आयोगाने मंडळाला माहिती अधिकाराखाली आणावे अशी शिफारस केली. करसवलती आणि सवलतीच्या जमिनी घेणाऱ्याने जनतेला हिशेब द्यावा, इतकी ती साधी गोष्ट. पण २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला तेव्हा माहिती अधिकार सरकारी पैशावर चालणाऱ्या संघटनांपुरता ठेवला गेला. मंडळ सरकारी अनुदान घेत नाही, म्हणून सुटले. छातीवर ‘भारत’ लिहायचे, राष्ट्रगीतासाठी उभे राहायचे आणि कोणत्या तालुक्यात मुलींची निवड चाचणी झाली हे विचारले की ‘आम्ही खासगी’! वाचकहो, हा युक्तिवाद आम्ही न्यायालयात अनेकदा ऐकला आहे. सार्वजनिक रस्त्यावर कुंपण घालणारा माणूसही असेच बोलतो.

क्रिकेटचा हा जुना रोग आहे. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखता राखता गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. हेच बाळू १९३७ साली काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि पडले, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही त्यांच्या डावखुऱ्या फिरकीचे श्रेय आम्ही कमी करणार नाही. बाळूंना क्लबात शिरता आले ते साहेबाला सरावासाठी कोणीतरी हवे होते म्हणून. अर्चनाच्या वेळी शाळेचा नियम होता. शंभर वर्षांत काही बदलले असेल तर ते एवढे, आणि तो बदल कोणा जिमखान्याने केलेला नाही.

थोडे आपल्याकडेही पाहू. आपल्या वस्त्यांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग निघाले, अभ्यासिका निघाल्या, फार चांगले झाले. पण संध्याकाळी मोकळ्या जागेत मुलगेच खेळतात आणि मुली कडेला धाकट्या भावंडांना घेऊन बसतात. तिच्या हाती बॅट द्यायला कोणत्या निधीची आवश्यकता आहे? कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी.

महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत कस्तुरबा विद्यालये आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठीच्या शासकीय निवासी शाळा आहेत, आदिवासी विभागाच्या आश्रमशाळा आहेत. क्रिकेट मंडळाला माहिती अधिकार लागू नसेल, पण या शाळांना निश्चितपणे आहे. शाळेला मैदान आहे का, क्रीडाशिक्षकाचे पद मंजूर आहे का, ते भरलेले आहे की रिक्त, गेल्या तीन वर्षांत क्रीडासाहित्यावर किती खर्च झाला आणि किती मुली तालुक्याबाहेर खेळायला गेल्या, हे पाच प्रश्न कोणीही विचारू शकतो. पुढचा विश्वचषक २०२७ मध्ये बांगलादेश आणि नेपाळमध्ये व्हायचा आहे. अर्ज शाळेच्या विभागाकडील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.