थांबवण्याचे धैर्य

उंच डोंगरावरचे देवस्थान किंवा गड गाठायचा, तर पूर्वी पायांत बळ असावे लागे. ज्यांच्या अंगी ते नसे, ते डोलीत बसत किंवा पायथ्याशीच हात जोडून परत फिरत. आज तसे राहिलेले नाही. रायगडाच्या सुमारे दीड हजार पायऱ्या जिला चढवत नाहीत, ती सत्तरीची आजी रज्जुमार्गाच्या पाळण्यात बसून काही मिनिटांत गडावर पोहोचते. गुजरातेत गिरनार पर्वतावर २०२० साली सुरू झालेला रज्जुमार्ग सव्वादोन किलोमीटरांहून लांब आहे. काश्मीरमधील गुलमर्गचा पाळणा प्रवाशांना थेट बर्फाच्या शिखरांपर्यंत नेतो. शहरांतील मनोरंजन उद्यानांतही आता असे पाळणे, छोट्या आगगाड्या आणि एका रुळावरून धावणाऱ्या गाड्या दिसतात. ही सारी सोय स्वागतार्हच आहे. परंतु सोयीबरोबर जबाबदारीही येते, आणि तिचा विचार आपण पुरेसा करत नाही, असे मला वाटते.

रज्जुमार्गाच्या प्रवासाचे एक वैशिष्ट्य आहे. बस वेगाने जाऊ लागली तर आपण चालकाला ओरडून सांगू शकतो. रिक्षावाला भरधाव निघाला तर मध्येच उतरू शकतो. पाळण्याचे दार एकदा बंद झाले, की प्रवाशाच्या हाती काहीच उरत नाही. तेथे सुकाणू नाही, थांबा नाही आणि पायांखाली जमीनही नाही. आपण आपला जीव एका पोलादी दोराच्या आणि ज्यांचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशा काही माणसांच्या स्वाधीन करतो. जेथे प्रवासी पूर्णपणे परस्वाधीन असतो, तेथे चालवणाऱ्यांचे कर्तव्य अनेक पटींनी वाढते.

हा दोर म्हणजे साधी तार नव्हे. पोलादाच्या अनेक बारीक तारांना पीळ देऊन पेड तयार करतात आणि असे पेड एकत्र वळून दोर बनवतात. त्यावर येणाऱ्या भारापेक्षा त्याची ताकद कितीतरी अधिक ठेवलेली असते. मनोऱ्यांवरील कप्प्यांवरून तो सतत फिरतो. ऊन, पाऊस, गंज आणि घर्षण यांमुळे त्यातील एखादी बारीक तार तुटते. काही काळाने दुसरी तुटते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून दोराची डोळ्यांनी आणि चुंबकीय उपकरणाने नियमित तपासणी करावी लागते. वीज गेली तर पर्यायी इंजिन, वारा वाढला तर त्याचा वेग मोजणारे यंत्र, ओढणारा दोर तुटला तर डब्याला जागीच धरून ठेवणारा ब्रेक, अशा अनेक तरतुदी अभियंत्यांनी करून ठेवलेल्या असतात. एक तरतूद चुकली तर दुसरीने सावरावे, हे त्यामागचे तत्त्व आहे. त्यामुळे मोठी दुर्घटना सहसा एका चुकीने होत नाही. एकामागून एक अनेक दारे उघडी राहिलेली असतात, तेव्हा ती घडते.

इटलीतील मोत्तारोने पर्वतावर २३ मे २०२१ रोजी घडलेली घटना या दृष्टीने विचार करायला लावणारी आहे. डबा वरच्या स्थानकाजवळ पोहोचत असताना ओढणारा दोर तुटला. अशा वेळी आपत्कालीन ब्रेकने डबा जागीच धरून ठेवायला हवा होता. परंतु तो ब्रेक चालूच शकला नाही, कारण त्याला मुद्दाम अडकण लावून ठेवलेली होती. ब्रेकमध्ये बिघाड होता, तो वारंवार आपोआप लागत असे आणि डबा खोळंबत असे. दुरुस्तीसाठी सेवा बंद ठेवण्याऐवजी ब्रेकच निकामी करून प्रवासी वाहतूक चालू ठेवली गेली. डबा उतारावरून वेगाने मागे घसरला आणि खाली कोसळला. १५ प्रवाशांपैकी १४ जण मरण पावले. एक लहान मुलगा तेवढा वाचला. येथे यंत्राने आपल्या परीने इशारा दिला होता. तो इशारा ऐकण्याऐवजी माणसांनी त्याचे तोंड बंद केले.

आपल्या देशातील अनुभवही वेगळे नाहीत. हिमाचल प्रदेशातील परवाणू येथे ऑक्टोबर १९९२ मध्ये दोर तुटून एक डबा दरीवर अधांतरी अडकला. भेदरून उडी टाकणारा डब्यातील सेवक प्राणास मुकला. लष्कराचे मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो हेलिकॉप्टरमधून त्या डब्यावर उतरले. अंधार पडल्यावर बचावकार्य थांबले, तेव्हा उरलेल्या प्रवाशांना धीर देत त्यांनी ती रात्र डब्यातच काढली. हेलिकॉप्टर पथकाचे नेतृत्व करणारे फली होमी मेजर पुढे देशाचे वायुसेनाप्रमुख झाले. दहा प्रवासी वाचले. झारखंडमध्ये देवघरजवळील त्रिकूट पर्वतावर १० एप्रिल २०२२ रोजी, रामनवमीच्या दिवशी, अनेक डबे अधांतरी अडकले. सैन्यदलांनी आणि आपत्ती निवारण दलांनी चाळीसहून अधिक तास झटून बहुतेकांना सोडवले. तेथील देखभालीच्या कामावरच्या एका स्थानिक कामगारानेही जीव धोक्यात घालून कित्येकांना दोराने खाली उतरवले. तरीही तिघे दगावले. त्यांपैकी दोघे सुटकेच्या वेळीच खाली पडले.

या शौर्यापुढे आपण नतमस्तक होतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कौतुकात एक प्रश्न हरवून जातो. शौर्याची गरज पडावीच का? हेलिकॉप्टर येईपर्यंत प्रवाशांना खाली उतरवण्याची साधने आणि त्यांचा सराव असलेली माणसे स्थानकावरच का नसावीत? वीराचा सत्कार आपण समारंभपूर्वक करतो. मात्र रोज पहाटे मनोऱ्यावर चढून कप्प्या तपासणाऱ्या कामगाराचे नावही आपण विचारत नाही. त्याचे काम चोख झाले, तर काहीच घडत नाही. आणि जे घडलेच नाही, त्याची बातमी होत नाही.

निसर्गाचेही असेच आहे. गुलमर्ग येथे २५ जून २०१७ रोजी सोसाट्याच्या वाऱ्याने एक झाड उन्मळून दोरावर पडले आणि डब्यातील प्रवासी खाली फेकले गेले. सात जणांचा अंत झाला. झाड वाऱ्याने पडले हे खरे. पण वारा वाढत असताना पाळणे चालू का होते, दोराच्या इतक्या जवळ झाडे का होती, हे प्रश्न माणसांनाच विचारावे लागतात. 'देवाची इच्छा' या शब्दांत आपण पुष्कळदा माणसांचा हलगर्जीपणा लपवतो.

मनोरंजन उद्यानांत तर धोका अधिकच नजरेआड होतो. तेथे सारे रंगीबेरंगी असते, संगीत वाजत असते, मुले हसत असतात. जेथे सारा खेळच आहे, तेथे अपघात कसा होईल, असे वाटते. परंतु यंत्राला खेळ आणि प्रवास यांतला फरक कळत नाही. अहमदाबादच्या कांकरिया परिसरात जुलै २०१९ मध्ये एका झुलत्या पाळण्याचा दांडा तुटून दोघे मृत्युमुखी पडले आणि अनेक जण जखमी झाले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या डिस्नेच्या प्रचंड उद्यानात ५ जुलै २००९ रोजी एका रुळावरून धावणाऱ्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि एका गाडीचा तरुण चालक ठार झाला. रूळ बदलणारा सांधा योग्य जागी वळवलेला नव्हता आणि त्याची खात्री न करताच गाडी मागे घेण्याची परवानगी दिली गेली. परवानगी देणारी व्यक्ती त्या वेळी नियंत्रणकक्षात नव्हती. त्याच उद्यानात २०१९ साली सुरू झालेल्या पाळण्यांचे काही डबे पहिल्याच आठवड्यात स्थानकात एकमेकांवर आदळले आणि प्रवासी सुमारे तीन तास अधांतरी अडकून पडले. तेव्हा प्राणहानी झाली नाही आणि काही दिवस सेवा बंद ठेवण्यात आली. पैसा आणि आधुनिक तंत्र यांमुळे सुरक्षितता आपोआप मिळत नाही, हे यावरून दिसते.

येथे कोणी म्हणेल, की अशा घटना सांगून लोकांना घाबरवायचे कशाला? रोज कितीतरी माणसे रज्जुमार्गाने सुखरूप जातात. रस्त्यांवरील अपघातांत याहून फार अधिक माणसे दगावतात. हे म्हणणे खोटे नाही. नीट राखलेला रज्जुमार्ग हे सुरक्षित वाहन आहे. डोंगराळ भागातील वृद्ध, रुग्ण आणि विद्यार्थी यांना त्याची गरजही आहे. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने 'पर्वतमाला' ही योजना जाहीर केली ती त्यासाठीच. माझे म्हणणे रज्जुमार्ग नकोत असे नाही. ते वाढणार आहेत, म्हणूनच त्यांच्या देखभालीची शिस्तही त्याच वेगाने वाढली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्यासाठी काय करता येईल? दररोज पहिला प्रवासी बसण्यापूर्वी रिकामे डबे फिरवून पाहावेत. तपासणीची नोंदवही खरी असावी, केवळ सह्यांपुरती नसावी. चालवणाऱ्यांशी ज्यांचा आर्थिक संबंध नाही अशा तज्ज्ञांनी ठरावीक काळाने परीक्षण करावे आणि शेवटचे परीक्षण केव्हा झाले याची तारीख तिकीट खिडकीवर लावावी. सुटकेचा सराव वर्षातून अनेकदा व्हावा. मालवाहू दोरांनाही हेच नियम लागू असावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये पावागड येथे मालवाहू रज्जुमार्गाची ट्रॉली कोसळून सहा जण मरण पावले, त्यांत कामगारही होते. कामगाराचा जीव प्रवाशाच्या जिवापेक्षा स्वस्त नसतो.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यंत्रापाशी उभ्या असलेल्या साध्या कामगाराला ते थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे. आवाज वेगळा येतो आहे, वारा वाढतो आहे, असे त्याला वाटले तर त्याने कळ दाबावी आणि त्याबद्दल त्याची नोकरी जाऊ नये. मालकाला त्या दिवशीचे उत्पन्न बुडाल्याचे दुःख होईल. पण बुडालेले उत्पन्न पुन्हा मिळवता येते, गेलेला माणूस परत आणता येत नाही.

आणि आपण प्रवासी? आपणही निर्दोष नाही. लांबून आलो, रांगेत दोन तास उभे राहिलो आणि खिडकीवर 'आज सेवा बंद आहे' अशी पाटी दिसली, की आपण चिडतो, कर्मचाऱ्यांना बोल लावतो, ओळखी काढतो. डब्यात ठरलेल्यापेक्षा एक माणूस अधिक बसवण्याचा आग्रह आपणच धरतो. चालू ठेवण्याचा दबाव जसा मालकाकडून येतो, तसा तो गर्दीकडूनही येतो.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेक जण दिवसा काम करून शिकत आहात. कोणी तारतंत्री असेल, कोणी यंत्रे जुळवणारा असेल, कोणी वाहनचालक असेल. उद्या एखादे यंत्र तुमच्या हाती असेल आणि त्यावर अनोळखी माणसांचे प्राण अवलंबून असतील. तेव्हा 'चालवून घेऊ' असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यासमोर शांतपणे 'आधी तपासू' असे म्हणता येणे, हे शिक्षणाचे मोठे फळ आहे. आणि कधी प्रवासी म्हणून गेलात आणि पाळणा बंद असल्याची पाटी दिसली, तर रागावू नका. कोणीतरी आपले काम प्रामाणिकपणे केले आहे, असे समजून आनंदाने पायऱ्यांकडे वळा.