घरची भाषा आणि शाळेची भाषा

आईवडिलांना ज्या भाषेतले एक वाक्यही धड बोलता येत नाही, त्या भाषेच्या शाळेत पाच वर्षांचे मूल घातले, तर घरी त्याचा अभ्यास कोणी घ्यावयाचा? कॅनडा देशात हा प्रश्न दरवर्षी हजारो घरांत विचारला जातो. तेथे ‘फ्रेंच इमर्शन’ नावाचे वर्ग असतात. इमर्शन म्हणजे बुडणे. पोहायला शिकणाऱ्याला जसे सरळ पाण्यात उतरवतात, तसे घरी फ्रेंच न बोलणाऱ्या मुलांना येथे पहिल्या दिवसापासून फ्रेंच भाषेत उतरवतात. गाणी, गोष्टी, अंक, चित्रकला सर्व काही फ्रेंचमधून. आज त्या देशात चार लाखांहून अधिक मुले अशा वर्गांत शिकतात.

या मुलांच्या पालकांना घरी काय करावे, असे विचारले तर माझे उत्तर थोडे उलटे वाटेल. घरी मोडकीतोडकी फ्रेंच शिकवत बसू नका, घरची भाषा भरपूर बोला! हे मत मी का मांडतो, ते पुराव्यानिशी पाहू या.

एक धाडसी प्रयोग

मॉन्ट्रियल शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दुसऱ्या तीरावर सेंट लॅम्बर्ट नावाचे गाव आहे. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात, पण या गावातील इंग्रजी घरांमधल्या मुलांना वर्षानुवर्षे फ्रेंच हा विषय शिकूनही शेजाऱ्याशी चार वाक्ये बोलता येत नसत. काही जागरूक पालकांनी शाळेकडे वेगळ्या वर्गाची मागणी केली. मॅक्गिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि मेंदूचे जगप्रसिद्ध शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांचा त्यांनी सल्ला घेतला. अखेर सप्टेंबर 1965 मध्ये 26 मुलांचा पहिला बालवर्ग सुरू झाला.

लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली. त्यांनी केवळ याच मुलांना तपासले नाही. इंग्रजी शाळेतली इंग्रजी मुले आणि फ्रेंच शाळेतली फ्रेंच मुले असे दोन गट तुलनेसाठी घेतले. प्रयोगशाळेत आपण जसा एक नमुना मुद्दाम न बदलता बाजूला ठेवतो, तसेच हे. निष्कर्ष 1972 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

पहिलीच्या अखेरीस ही मुले इंग्रजी वाचनात आणि शुद्धलेखनात मागे होती. त्यात नवल नाही, कारण शाळेत त्यांना इंग्रजी वाचन शिकवलेलेच नव्हते. दुसरीत रोज तासभर इंग्रजी सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत ही तूट भरून निघाली. गणितात ती मागे पडली नाहीत. फ्रेंच त्यांना नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा पुष्कळच चांगली येऊ लागली. मात्र एक मर्यादाही पुढे दिसून आली. मेरिल स्वेन या कॅनडातील संशोधिकेने 1985 साली दाखवले, की इमर्शनची मुले फ्रेंच ऐकून-वाचून उत्तम समजतात, पण बोलण्या-लिहिण्यात मूळ फ्रेंच भाषकांच्या तोडीची होत नाहीत. ऐकणे पुष्कळ होते, बोलण्याची संधी कमी मिळते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांच्या घरी फ्रेंच नाही, अशाच मुलांसाठी ही पद्धत आखलेली होती. तेव्हा आईवडिलांना फ्रेंच येत नाही, ही उणीव नसून या प्रयोगाचे ते गृहीतकच होते!

हिमनगाची दोन टोके

मग घरच्या भाषेचा शाळेतल्या भाषेला उपयोग होतो कसा? टोरांटो येथील जिम कमिन्स या अभ्यासकाने यासाठी हिमनगाची उपमा दिली. तुम्हांला ठाऊकच आहे, की बर्फाची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडीच कमी असते. त्यामुळे हिमनगाचा सुमारे एक दशांश भाग वर दिसतो आणि बाकी सारा पाण्याखाली असतो. कमिन्स म्हणतात, दोन भाषा ही पाण्यावर दिसणारी दोन वेगळी टोके, पण खाली डोंगर एकच. ‘मोठे-लहान’, ‘कारण-परिणाम’, ‘आधी-नंतर’, ‘निम्मे-दुप्पट’ या कल्पना त्या डोंगरात असतात. त्या एकदा पक्क्या झाल्या, की नव्या भाषेत फक्त नवा शब्द शिकावा लागतो.

आणि या कल्पना पक्क्या होतात कोठे? स्वयंपाकघरात, अंगणात, आजीच्या मांडीवर. पाणी उकळताना झाकण का उडते, हे मुलाने विचारावे आणि आईने त्याला सहज येणाऱ्या भाषेत सांगावे. तेच मूल उद्या वर्गात वाफेचा फ्रेंच शब्द ऐकेल, तेव्हा त्या शब्दाला बसावयास जागा तयार असेल. उलट, फ्रेंच नीट न येणाऱ्या आईने अभ्यासाच्या धाकाने तोडक्या फ्रेंचमध्येच बोलायचे ठरवले, तर वाफेविषयीचे ते बोलणे होणारच नाही. नुकसान फ्रेंचचे नव्हे, विचाराचे होईल.

संख्यांचेच उदाहरण घ्या. कॅनडातील फ्रेंचमध्ये 75 म्हणजे ‘साठ-पंधरा’, 80 म्हणजे ‘चार-विसा’ आणि 92 म्हणजे ‘चार-विसा-बारा’. हसू नका! आपल्याकडेही जुनी माणसे विसाच्या हिशेबाने मोजत आणि ऐंशीला चार विसा म्हणत. शिवाय आपले 29 हे ‘एकोणतीस’, म्हणजे एकाने उणे तीस. आपल्या पंचाहत्तरमध्ये पाच आधी येतात, सत्तर मागून. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा केवढा वाद झाला! पण संख्या काही बदलली नव्हती, तिचे नाव बदलले होते. ज्या मुलाने घरी चिंचोक्यांचे दहादहाचे ढीग मांडून ब्याण्णव म्हणजे काय हे अनुभवले आहे, त्याला फ्रेंच नाव ही एक गंमत वाटेल. ज्याने ढीग मांडलेच नाहीत, त्याला ती घोकंपट्टी होईल.

घरी काय करावे?

पहिली गोष्ट, रोज घरच्या भाषेत मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी. दुसरी, ‘आज फ्रेंचमध्ये काय शिकलास, बोलून दाखव’ असे पाहुण्यांसमोर म्हणू नये. त्याऐवजी ‘आज शाळेत काय गंमत झाली?’ असे विचारावे आणि उत्तर घरच्या भाषेत येऊ द्यावे. एका भाषेत ऐकलेले दुसऱ्या भाषेत सांगताना मुलाला अर्थ पकडावाच लागतो. तिसरी, धीर धरावा. नव्या भाषेत मूल काही महिने गप्प राहते. ते ऐकत असते. सेंट लॅम्बर्टच्या बालवर्गातही मुले आपसांत आणि बाईंशी प्रथम इंग्रजीच बोलत. चौथी, फ्रेंच गाणी व गोष्टी मूळ फ्रेंच भाषकांच्या आवाजात ऐकवाव्यात, चुकीचे उच्चार घोटवून घेऊ नयेत.

कान किती लवकर घडतो, याचा पुरावाही कॅनडातूनच आला आहे आणि त्यात आपल्या ओळखीचे ध्वनी आहेत. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील त आणि ट यांसारखे ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना हा फरक कळत होता, पण वर्षाचे होईपर्यंत बहुतेकांची ती जाण मावळली होती. मराठी घरात वाढणाऱ्या बाळाचा कान मात्र त्याच काळात त आणि ट यांत पक्का होतो. म्हणून कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर मी आवर्जून सांगेन, की तेथे फ्रेंच शाळा देईल, इंग्रजी रस्ता देईल. मराठी देणारे घराखेरीज दुसरे कोणी नाही.

आपल्याकडे काय?

कोणी म्हणेल, ‘मग आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा म्हणजे इमर्शनच की!’ येथे मी स्पष्टपणे नाही म्हणेन. तेथे वर्गातली सारी मुले एकदमच शून्यापासून सुरुवात करतात. मुलांची भाषा बाईंना कळते. काही वर्षांनी ती भाषा शाळेतही शिकवली जाते. आणि मुख्य म्हणजे घरची भाषा कोणी कमी लेखत नाही. लॅम्बर्ट यांनी याला भर घालणारी द्विभाषिकता म्हटले. पहिली भाषा पुसून दुसरी आणणे म्हणजे वजाबाकी. आपल्याकडे वर्गात मराठी बोलले म्हणून दंड करणाऱ्या शाळा जेव्हा निघतात आणि ‘घरीही इंग्रजीच बोला’ असा उपदेश पालकांना करतात, तेव्हा त्या नकळत वजाबाकी शिकवत असतात.

महाविद्यालयात मला याचा प्रत्यय येतो. जडत्वाची व्याख्या इंग्रजीत बिनचूक म्हणणारा विद्यार्थी, बसने ब्रेक लावल्यावर आपण पुढे का झुकतो, या प्रश्नावर अडखळतो. तोच प्रश्न मराठीत बोलू लागलो, की कित्येकांचे चेहरे उजळतात. इंग्रजी शिकू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. विज्ञानाच्या अभ्यासाला ती हवीच. पण ती बेरजेने यावी.

तुमच्यापैकी पुष्कळजण सेमी-इंग्रजीचे विद्यार्थी असतील. विज्ञानाचा धडा इंग्रजीत वाचल्यावर तो घरी कोणाला तरी मराठीत समजावून सांगा. जेथे अडखळाल, तेथे तुम्हांला समजलेले नाही, असे खुशाल समजा. घरात लहान भावंड असेल, तर त्याच्या इंग्रजी कविता घोकून घेण्याआधी त्याच्या ‘का?’ ला उत्तर द्या. शिक्षकांनीही पालकसभेत ‘घरी इंग्रजी बोला’ असे सांगण्याऐवजी ‘घरी भरपूर बोला’ एवढेच सांगावे. भाषा कोणती, हे घर आपोआप ठरवील.